सर्वांवर ख्रिस्ती प्रीती करायची तर: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

"सर्वांवर प्रीती करा" हे मंडळीत लहानथोरांना पाठ असतं. अडतं ते पुढे. आपल्याहून वेगळा माणूस समोर आला की बहुतेक जण एकाच क्रमाने वागतात. आधी त्याची पारख, मग उपदेश, जमलंच तर मदत, आणि सगळ्यात शेवटी, तो आपल्यासारखा झाला तर, जवळीक. येशूचा क्रम याच्या उलट आहे. तो कर वसूल करणाऱ्या जक्कयाच्या घरी आधी उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि लुबाडलेलं चौपट फेडण्याची गोष्ट जक्कयाने त्यानंतर काढली (लूक १९:१-१०). लोकांनी दोषी ठरवून आणलेल्या स्त्रीला "मीही तुला दोषी ठरवत नाही" हे आधी ऐकायला मिळालं आणि "यापुढे पाप करू नकोस" हे नंतर (योहान ८:११). या दोन वाक्यांची अदलाबदल केली की कृपेला अट लागते, आणि अट लागली की समोरच्याला ती लगेच कळते.

मन चांगलं असूनही माणसं दुखावली जातात, ती बहुतेकदा हा क्रम चुकल्यामुळे. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. एखादा टप्पा तुम्हाला सोपा वाटला तरी तो ओलांडून पुढे जाऊ नका.

तयारी

१. आधी आपलं माफ झालेलं देणं मोजा

मत्तय १८ मधला दाखला आकड्यांसकट वाचा. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. राजाने आपल्या दासाला माफ केलेलं कर्ज १०,००० तालांतांचं होतं, म्हणजे सुमारे ६ कोटी दिवसांची मजुरी. हे कर्ज कुठल्याही जन्मात फिटणारं नव्हतं. आणि ज्या सोबत्याचा त्याने गळा धरला, त्याच्याकडे येणं होतं १०० दिनार.

इथे एक गोष्ट नीट पाहा, कारण उपदेशात ती बहुधा सुटते. १०० दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. ती तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई आहे. येशूने ते येणं खोटं ठरवलेलं नाही. तुमचं कुणी खरोखर नुकसान केलं असेल, तर ते नुकसान खरंच आहे. कृपा करायची म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणायचं नसतं.

एका संध्याकाळी कागद घेऊन बसा आणि तुम्हाला कुठे कुठे सोडून दिलं गेलं ते लिहा. देवाने काय सोडलं ते लिहाच, पण माणसांनी पोटात घातलेल्या चुकाही लिहा. कुणी तुमचा शब्द गिळला, कुणी तुमच्यासाठी बोलणी खाल्ली, कुणी हिशेब मागितलाच नाही. "खूप चुका केल्या" असं मोघम लिहू नका. एकेक प्रसंग लिहा.

*तपासा:* लिहून झाल्यावर मनात एखादं नाव येतं का, "पण हा माणूस मात्र लायक नाही" असं? येत असेल तर इफिसकरांस पत्रातलं २:८-९ पुन्हा वाचा. तारण कृपेने झालं, कर्मांनी नाही, असं तिथे तुमच्याबद्दलही म्हटलेलं आहे. हा टप्पा आणखी एक-दोन दिवस चालू द्या.

२. टाळलेल्या माणसांची यादी करा

"सर्व" नावाचा माणूस कुणाला भेटत नाही, त्यामुळे सर्वांवर प्रीती करतो असं म्हणणं सोपं जातं. ठरावीक माणसं डोळ्यांपुढे आणली की खरी अडचण दिसते. स्वतःला विचारा: उपासनेनंतर कुणाला पाहून मी दुसऱ्या दाराने बाहेर पडतो? कुणाचा फोन वाजताना नुसता पाहत राहतो? कुणाबद्दल बोलताना माझ्या तोंडी "ते लोक" येतं?

यादीत कुणीही येऊ शकतं: दुसऱ्या धर्माचा शेजारी, वेगळ्या वंशाचा किंवा भाषेचा माणूस, तुरुंगातून सुटून आलेला, व्यसनी, घटस्फोट झालेली बाई, समलैंगिक किंवा ट्रान्सजेंडर व्यक्ती, मनाच्या आजाराशी झगडणारा, दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती. श्रीमंत माणूसही येऊ शकतो. स्वतःला मोकळ्या मनाचे समजणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं: तुमच्या यादीत कर्मठ, कडक, संकुचित माणसं आहेत का ते बघा. उधळ्या मुलासाठी धावणारा बाप घराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्यालाही बाहेर येऊन विनवतो (लूक १५:२८). थोरल्याला वगळणारी प्रीती सर्वांना सामावणारी म्हणता येत नाही.

आता त्यातलं एकच नाव निवडा. सगळ्यात अवघड नाव नको. ज्याच्याशी पुढच्या आठवड्यात खरोखर गाठ पडणार आहे असं घ्या.

*सावधान:* यादी कुणाला दाखवू नका. काम झालं की फाडून टाका.

३. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, पण "त्यांना बदल" अशी नको

"प्रभू, त्यांचे डोळे उघड" ही प्रार्थना करताना आपण आपोआप वरच्या पायरीवर जाऊन उभे राहतो. निदान पहिले काही दिवस ती बाजूला ठेवा. त्यांच्या तब्येतीसाठी, झोपेसाठी, कामधंद्यासाठी, मुलाबाळांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. स्वतःसाठी जे मागता तेच त्यांच्यासाठी मागा. रोमकरांस १२:१४ मध्ये तर छळणाऱ्यांनाही आशीर्वाद द्यायला सांगितलं आहे. प्रार्थनेत काय मागावं हे कळत नसेल, तर त्या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही असा त्याचा अर्थ. पुढच्या टप्प्यासाठी हे समजलेलं बरं.

भेट

४. पहिल्या भेटीत काहीतरी मागा

याकोबाच्या विहिरीवर येशूचं शोमरोनी स्त्रीशी पहिलं बोलणं पाणी मागण्याचं आहे (योहान ४:७). यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि तिच्या भांड्यातलं पाणी पिणं तर दूरच. तिलाही नवल वाटलं. तिच्या नवऱ्यांचा विषय निघतो तो सोळाव्या वचनात, बरंच बोलणं झाल्यावर. आपण बहुतेक वेळा सोळाव्या वचनापासूनच सुरुवात करतो.

म्हणून पहिल्या भेटीत देणारे होऊन जाऊ नका. एखादी गोष्ट मागा, आणि ती तुम्हाला खरंच हवी असलेली असू द्या. त्यांच्या कामातली माहिती विचारा, सामान उचलायला हात मागा, त्यांनी पुढे केलेलं पाणी घ्या. ज्याला लोक कायम घेणाऱ्याच्या जागी बसवतात, त्याला देण्याची संधी मिळाली की दोघांच्या खुर्च्या एका उंचीवर येतात.

आता हेच मंडळीत घडताना पाहू. एक बाई पहिल्यांदाच उपासनेला आल्या आहेत. शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसल्या आहेत. गीत सुरू झालंय. त्या पुस्तकाची पानं उलटताहेत, गीत काही सापडत नाहीये, आणि आजूबाजूचे उभे राहिलेत म्हणून त्याही उभ्या राहतात. उपासना संपते. तिघी-चौघी त्यांना गाठतात: "कुठून आलात? मिस्टर नाही आले? आधी कुठल्या मंडळीत होतात? बाप्तिस्मा झालाय ना?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण नवरा गेलेल्या, सोडून दिलेल्या किंवा आधीच्या मंडळीतून काढलेल्या बाईला यातला प्रत्येक प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागतो. पुढच्या रविवारी त्या येत नाहीत आणि आपण म्हणतो, "त्यांना रस नसावा."

याऐवजी गीत सुरू असतानाच एकीने शेजारी जाऊन उघडलेलं पान त्यांच्या हाती द्यावं. बोलायची गरज नाही. उपासनेनंतर आधी आपलं नाव सांगावं. त्यांनी त्यांचं सांगितलं तर नीट ऐकून एकदा उच्चारून घ्यावं. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पुन्हा आलात तर माझ्याजवळ बसा." आणि त्यांना जाऊ द्यावं. पहिल्या दिवशी इतकं पुरे.

*तपासा:* भेटीनंतर तुम्हाला त्यांचं नाव आठवतंय का? त्यांनी तुम्हाला काही दिलं का, निदान एखादी माहिती तरी? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ती भेट फक्त तुमच्या समाधानाची झाली.

५. ऐका, आणि ऐकलेलं स्वतःपाशी ठेवा

मुलंबाळं आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं (ईयोब २:१३). तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं, आणि शेवटी देवानेच त्यांना सुनावलं (४२:७). सांत्वनाला निघालेल्या प्रत्येकाने या दोन जागा आधी वाचून मगच घराबाहेर पडावं असं मला मनापासून वाटतं.

ऐकताना करायच्या गोष्टी साध्या आहेत. फोन बंद करून खिशात ठेवा. पहिली वीस मिनिटं स्वतःबद्दल काही सांगू नका. "माझ्या भावाचंही अगदी असंच झालं" हे वाक्य आपुलकीने येतं, पण त्यानंतर गोष्ट तुमच्या भावाची होते. "असं का केलंत?" विचारू नका, त्याला पोलीस चौकशीचा वास येतो. "मग काय झालं?", "तेव्हा सोबत कुणी होतं का?", "सध्या सगळ्यात जड काय जातंय?" हे प्रश्न चालतात. मध्ये शांतता पसरली तर पसरू द्या. ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही.

आणि वचनांबद्दल. सर्व गोष्टी मिळून कल्याणासाठी कार्य करतात हे रोमकरांस ८:२८ खरंच आहे. पण मूल गमावलेल्या आईला पहिल्या आठवड्यात ते ऐकवणं म्हणजे तिला गप्प बसवणं. वचन मनात धरून बसा. ती विचारेल तेव्हा सांगा.

*सावधान:* ऐकलेली गोष्ट प्रार्थना-विनंतीच्या वेष्टनात बाहेर जाते, हा मंडळ्यांमधला जुना रोग आहे. "जरा यांच्यासाठी प्रार्थना करा हं, त्यांच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना" असं म्हणणं ही चहाडीच. नीतिसूत्रे ११:१३ मध्ये गुपित फोडणाऱ्याला आणि गोष्ट झाकून ठेवणाऱ्याला वेगळं काढलं आहे. प्रार्थना-विनंती द्यायचीच असेल तर आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या आणि कोणते शब्द वापरायचे हेही विचारा. जिवाला धोका असेल, कुणी मुलाला इजा करत असेल, तर मात्र ते पोटात ठेवायचं नाही. त्याबद्दल पुढे नवव्या टप्प्यात.

मदत आणि जागा

६. विचारा, मग मदत करा

बार्तीमय आंधळा आहे हे भोवतीच्या सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटत असलं तरी विचारायचं. नाहीतर ज्याला नोकरीसाठी ओळख हवी असते त्याला आपण जुने कपडे नेऊन देतो.

उलट टोकाची चूक याकोबाच्या पत्रात आहे. उघड्या, उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही (२:१५-१६). "आम्ही प्रार्थना करतो" हे वाक्य या जागी फार वेळा येतं. प्रार्थना करा, आणि त्याचबरोबर हातात काय आहे तेही पाहा.

किती करायचं, कुठे थांबायचं, हा प्रश्न नेहमी येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्याचं कामापुरतं उत्तर आहे (लूक १०:३३-३५). त्याच्या कृती एकापुढे एक लावून पाहा. तो वाटेवर लुटून टाकलेल्या जखमी माणसाजवळ गेला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं. रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेवाल्याला दिले, जास्त खर्च झाला तर परतताना भरीन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. तातडीचं काम त्याने स्वतःच्या हाताने केलं. लांबणारं काम ज्याला जमतं त्याच्याकडे सोपवलं, पैसे आपले घातले, आणि परत येईन असं सांगितलं. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, आणि जखमीला वाऱ्यावरही सोडलं नाही. तुमच्या मदतीला हीच मापं लावा: आत्ता माझ्या हाताने काय होईल, यापुढचं कुणाला जास्त चांगलं जमेल, आणि मी परत कधी येणार.

देताना तीन गोष्टी नकोत. फोटो नको. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये (मत्तय ६:३), मग ते सगळ्या गावाला तर मुळीच कळू नये. अट नको. मदत घेतली म्हणून उपासनेला यायलाच हवं असं सुचवलंत, तर त्याच्या गरजेवर दाब आणून तुम्ही त्याची उपस्थिती विकत घेतली. आणि आठवण करून देणं नको, कधीच.

*तपासा:* ज्याला मदत केली तो उद्या तुमचं न ऐकता दुसऱ्या वाटेने गेला, तर दिल्याचा पश्चात्ताप होईल का? होणार असेल, तर द्यायच्या आधीच स्वतःशी खरं बोला.

७. मेजावर जागा द्या, मग जबाबदारीही द्या

बहुतेकांची प्रीती सहाव्या टप्प्यावर थांबते. मदत पोचते, पण माणूस बाहेरच राहतो. येशूवर पुन्हा पुन्हा टीका झाली ती जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवल्याबद्दल. येशूचा शिष्य पेत्र याने यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकून देव पक्षपाती नाही हे कबूल केलं (प्रेषितांची कृत्ये १०:३४). आणि त्याच पेत्राने पुढे अंत्युखियात, यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आल्यावर, परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून अंग काढून घेतलं. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं (गलतीकरांस २:११-१४). शिकवण पाठ असतानाही चार चौघांच्या नजरेला घाबरून मेज सोडलं जातं. तुमची कसोटीही इथेच लागेल. यादीतल्या त्या माणसाबरोबर एकांतात बोलणं जमेल, पण आपल्या मित्रांच्या देखत त्याच्याशेजारी बसणं?

लूक १४:१२-१४ मध्ये कुणाला जेवायला बोलवावं ते स्पष्ट आहे: परतफेड करू न शकणाऱ्यांना. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या घरी जेवलेल्यांची नावं आठवा. सगळे एकाच पगाराचे, एकाच भाषेचे, एकाच मताचे असतील तर पुढचं आमंत्रण कुणाला द्यायचं ते कळलंच. मंडळी म्हणून पाहायचं तर इमारतीपासून सुरुवात करा. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस दारातून एकट्याने आत येऊ शकतो का? ऐकू न येणाऱ्याला उपदेश कळायची काही सोय आहे का? सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि गरिबाला "तिथे उभा राहा", हे याकोब २:२-४ मधलं चित्र आजही बाकांच्या मांडणीत दिसतं.

यापुढची पायरी फारच थोड्या ठिकाणी चढली जाते. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. मंडळीने नुसतं "यापुढे लक्ष ठेवू" म्हटलं नाही. सात जण निवडून वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि स्तेफन, फिलिप्पापासून सातही नावं ग्रीक आहेत (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). ज्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यांच्या बाजूच्या माणसांकडे जबाबदारी आली. नव्याने आलेल्याला वर्षभर नुसता "पाहुणा" ठेवू नका. शास्त्रवाचन द्या, हिशेबाची वही द्या, नियोजनाच्या बैठकीत खुर्ची द्या.

समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर माणसांबद्दल मंडळ्यांच्या शिकवणुकीत खोल मतभेद आहेत. ते मिटेपर्यंत दारात उभ्या असलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं. कूश देशाच्या षंढ अधिकाऱ्याची हकिकत वाचा (प्रेषितांची कृत्ये ८:२६-३९). अनुवाद या पुस्तकातल्या २३:१ प्रमाणे अशा माणसाला सभेत प्रवेश नव्हता. यशया ५६:३-५ मध्ये देव अशांनाच आपल्या घरात कायमचं नाव द्यायचं वचन देतो. फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला, जे तो आधीच वाचत होता तिथूनच बोलायला लागला, आणि पाणी दिसल्यावर "मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे?" या प्रश्नावर त्याच्याबरोबर पाण्यात उतरला. अपमानाचा शब्द, खाजगी आयुष्याची चौकशी, त्यांच्या पाठीमागे कुजबुज, आणि "बरं" करण्याची जबरदस्ती यांना कुठल्याच शिकवणुकीत जागा नाही.

अवघड भाग

८. सत्य बोलायची वेळ

कृपा म्हणजे सगळ्याला मान डोलावणं असं काहींना वाटतं. पण येशू कृपा आणि सत्य या दोन्हींनी परिपूर्ण होता (योहान १:१४). प्रश्न फक्त कधी आणि कसं बोलायचं हा आहे. बोलण्याआधी स्वतःला विचारा:

– मी यांच्याबरोबर इतका वेळ घालवला आहे का, की यांनीही मला तोंडावर चूक दाखवली तर मी ऐकून घेईन?
– ही गोष्ट खरोखर कुणाला इजा करते आहे, की नुसती माझ्या सवयीबाहेरची आहे? रोमकरांस १४ मध्ये खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका असं सांगितलं आहे. पुष्कळ "चुका" याच प्रकारात मोडतात.
– माझ्या डोळ्यातल्या मुसळाचं काय झालं? (मत्तय ७:३-५)

तिन्हींतून पार पडलात तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने जा. ग्रुपवर संदेश नको, व्यासपीठावरून टोमणा नको, पाळकांमार्फत निरोप नको. थोडक्यात आणि स्पष्ट बोला: "परवा तुम्ही मुलांवर ओरडलात ते मी पाहिलं. मला काळजी वाटते. मी काय करू शकेन?" यात पाहिलेली एक कृती आहे, आपली भावना आहे आणि सोबत राहायची तयारी आहे. "तुम्ही नेहमीच असे" हे त्यात नाही. गलतीकरांस ६:१ मध्ये पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगितलं आहे, आणि त्याच वचनात स्वतःकडे लक्ष ठेवायलाही.

*सावधान:* बोलून मोकळं वाटलं, याचा अर्थ काम झालं असा नाही. त्यांच्या बाजूने उत्तर यायला वेळ लागेल. दोन दिवसांनी नेहमीच्याच विषयावर फोन करा, म्हणजे नातं तुटलेलं नाही हे त्यांना कळेल.

९. क्षमा, समेट आणि विश्वास वेगवेगळे ठेवा

या तीन गोष्टींची गल्लत करून मंडळ्यांनी फार माणसांचं नुकसान केलं आहे. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघं लागतात. रोमकरांस १२:१८ मध्येही "शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं" असंच म्हटलं आहे. विश्वास तर वागणुकीतून, वेळ लागून परत मिळतो किंवा मिळत नाही. पौलाने आपलं वाईट करणाऱ्या आलेक्सांद्र तांबटाचा न्याय प्रभूवर सोपवला, आणि त्याच दमात आपला सहकारी तीमथ्य याला त्याच्यापासून जपून राहायला सांगितलं (२ तीमथ्य ४:१४-१५).

घरात मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर, परत जा" असं कधीही सांगू नका. आधी सुरक्षित जागा, डॉक्टर, पोलीस आणि कायद्याची मदत. क्षमेचा विषय तिने काढला तर पुढे कधीतरी. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर मंडळीच्या आत चौकशी करून मिटवायचं नाही, ताबडतोब पोलिसांकडे जायचं. आरोप असलेल्या माणसावरही प्रीती करता येते: त्याला तुरुंगात भेटता येतं, त्याच्या कुटुंबाला धीर देता येतो. पण त्याला रविवारच्या शाळेत मुलांजवळ बसवायचं नाही.

पैशांच्या बाबतीत हाच नियम लहान प्रमाणात. व्यसनात अडकलेल्याला रोख रक्कम देण्याऐवजी दवाखान्याचं बिल थेट भरा. "नाही" म्हणायची वेळ आली तर कारणांची लांबण लावू नका, आणि नकारानंतरही भेटत राहा.

१०. दम टिकवा

एकमेकांची ओझी वाहा असं गलतीकरांस ६:२ सांगतं, आणि तीनच वचनं पुढे प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही सांगतं. दुसऱ्याचं सगळंच आपल्या खांद्यावर घेतलं तर महिन्याभरात चिडचिड सुरू होते, आणि ती त्याच माणसावर निघते. येशूनेही शिष्यांना गर्दीतून बाजूला नेऊन विसावा घ्यायला लावला (मार्क ६:३१). एका वेळी एक-दोन नावं पुरेत. भेटीचा दिवस ठरवून ठेवा. अवघड प्रसंगात दोघं मिळून जा.

११. चूक झालीच तर

होणारच. चुकीचं नाव घ्याल, नको तो प्रश्न विचाराल, गुपित फुटेल. कळल्याबरोबर जा. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याची आज्ञा मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे, तेव्हा उपासनेनंतर बघू असं म्हणू नका.

माफी मागताना काय केलं ते नेमकं सांगा: "तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसऱ्याला सांगितली. ते चुकलं. माफ करा." त्यापुढे "पण" जोडू नका. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" असंही म्हणू नका, कारण त्यात दोष त्यांच्या वाटण्यावर जातो. आपला हेतू किती चांगला होता ते समजावत बसू नका. भरपाई करता येत असेल तर करा. गोष्ट ज्याच्याकडे पोचली त्याच्याकडे स्वतः जाऊन चूक कबूल करा आणि ती पुढे न्यायची थांबवा. मग क्षमा करायला त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या. त्यांनी कधीच केली नाही तरी त्यांच्याबद्दल कुणाकडे तक्रार करू नका, आणि तिसऱ्या टप्प्यातली त्यांच्या नावाची प्रार्थना चालू ठेवा.